नाव न घेता

मोठेबाबांनी आपलं वायफाय लपवलं, आणि ते असं बेमालूम लपलं की घरच्यांनाही सापडेना.

लपवायचं कारण म्हणजे ओटा. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मोठेबाबांच्या घराला रस्त्याच्या अंगानं लांबलचक ओटा आहे. पूर्वी त्यावर चार म्हातारी माणसं बसून कापसाच्या भावाला शिव्या घालायची. घरात वायफाय आलं आणि ओट्यावर पोरं आली. पासवर्ड कसा फुटला हे शोधायची गरजच नव्हती. मोठीआईनं तो स्वैपाकघराच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला होता, दुधाच्या हिशोबाच्या वर आणि गॅसवाल्याच्या नंबरच्या खाली. ज्याला ज्याला तिथं पाणी मागायची बुद्धी झाली, त्याला त्याला पासवर्ड मिळाला. रोज संध्याकाळी माना खाली घातलेली पोरं ओट्यावर ओळीनं बसू लागली. मोठेबाबांना राग नेटचा नव्हता. “एकबी जन मान वर करून रामराम घालत नाई,” हे त्यांचं खरं दुखणं.

त्यांनी राउटर बसवणाऱ्या पोराला बोलावलं. तो म्हणाला, पासवर्ड बदलू. मोठेबाबा म्हणाले, “भितीवर लिवला हाये थो. आता काय भित पाडू?” मग पोरानं राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नाव लपवलं. फोनच्या यादीतून नाव गेलं. मोठेबाबा ओट्यावर उभे राहिले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, “नेट कटवलं म्या! जा आपापल्या घरी!” पोरं उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून ओटा रिकामा. बसवणारा पोरगा पुढं पुण्याला कंपनीत लागला.

सगळं ठीक चाललं होतं. पण पोळ्याच्या तोंडावर मोठेबाबांचा फोन ढोरांच्या हौदात पडला. टीव्हीला वायर लावलेली, त्यामुळं त्याला वायफायचं नाव माहीत असायचं कारण नाही. त्या घरात ते नाव जाणणारा एकटा तो फोन होता आणि त्यानं जलसमाधी घेतली.

मी अमरावतीला नोकरी करतो आणि दिवसभर संगणकासमोर बसतो, एवढ्या भांडवलावर खानदानात मला तज्ज्ञ समजतात. पोळ्याच्या दिवशी दुपारी पुरणपोळी घशाखाली उतरते न उतरते तोच मोठेबाबांनी नवा फोन माझ्या हातात दिला. “हे नेट लावून दे अन् पीएम किसानचं केवायसी करून टाक. पोळा फुटाच्या आत झालं पायजे.” एवढं बोलून ते माजघरात कलंडले.

आता इथं कुणी विचारील, मोबाइलचं नेट नाही का? घराच्या भिंती मातीच्या, चांगल्या जाडजूड, वर टिनं. आत आल्यावर रेंज दारातच चपला काढून बसते. वावराच्या बांधाला जे टेकाड आहे त्यावर बोलण्यापुरती रेंज मिळते. फॉर्म उघडायचा म्हटलं तर तिथं मुक्काम करावा लागेल. शिवाय मोठेबाबांचा मुद्दा बिनतोड होता: “घरात पैसे भरून नेट हाये, अन् टेकाडावर कायले जाता बे?”

मी सेटिंग उघडलं. यादीत शेजारच्या कृषी केंद्राचं एक नाव अगदी क्षीण दिसत होतं. आमचं नव्हतं. डोक्यावरच्या खुंटीला टांगलेला राउटर मात्र हिरवे दिवे मिचकावत होता.

हा प्रकार थोडा समजून घ्यायला हवा. राउटर एका सेकंदात साधारण दहादा हाळी देत असतो: मी अमुक, मी इथं आहे. फोन ही हाळी ऐकतो आणि नाव यादीत मांडतो. नाव लपवा म्हटलं म्हणजे राउटर गप्प बसत नाही. हाळी चालूच राहते, फक्त नावाच्या जागी काही बोलत नाही. अशा वेळी फोननं आधी नाव घ्यायचं, मग राउटर ओ देतो. त्यासाठी यादीच्या तळाशी ‘नेटवर्क जोडा’ असतं. तिथं नाव लिहायचं, सुरक्षेचा प्रकार निवडायचा, पासवर्ड टाकायचा, आणि खाली ‘प्रगत पर्याय’ उघडून ‘छुपं नेटवर्क’ याच्यापुढं ‘हो’ करायचं. हे ‘हो’ राहिलं तर बाकीचं सगळं बरोबर लिहूनही फोन ढिम्म हलत नाही, कारण हाक मारायची आहे हेच त्याला कळत नाही.

नाव हुबेहूब हवं. मोठी लिपी, छोटी लिपी यांत फरक. मधली मोकळी जागा हेसुद्धा एक अक्षर. कीबोर्ड तर पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो, आणि सुचवलेला शब्द निवडला की शेवटी एक मोकळी जागा चिकटवतो, ती डोळ्यांना दिसत नाही. सगळ्यात वाईट गोष्ट पुढंच आहे. पासवर्ड चुकला तर फोन तसं सांगतो. नाव चुकलं तर काहीच सांगत नाही. ‘सेव्ह केलं’ म्हणतो आणि खाली लिहितो, ‘रेंजमध्ये नाही’. राउटर टाळक्यावर लटकतोय आणि फोन म्हणतोय रेंजमध्ये नाही! पण त्याचंही बरोबरच आहे. तुम्ही ज्याला हाक मारताय, तशा नावाचा माणूस त्या घरात राहतच नाही.

मी पुण्याला फोन लावला. म्हणजे टेकाडावर जाऊन लावला. पोरगा ड्यूटीवर होता, मागं यंत्रांचा खडखडाट. एवढंच ऐकू आलं: “अजी, घर ज्याच्या जिवावर चालते, त्याचंच नाव टाकलं!” आणि फोन कटला.

मोठेबाबांना उठवून हे सांगितलं. त्यांनी डोळे न उघडता मिशीवर हात फिरवला. “मंग माह्यंच टाकलं असन.” आणि कूस बदलली.

मोठेबाबांचं नाव मी इथं लिहीत नाही. एक तर वडीलधारं माणूस, आणि दुसरं, नेटवर्क अजून चालू आहे. पण नाव साधंसुधं, देवाचं आहे. मराठीत ते एकाच तऱ्हेनं लिहितात. इंग्रजीत कसं लिहायचं हे मात्र प्रत्येक कारकुनानं आपापल्या मगदुरापरमाणं ठरवलेलं. केवायसीसाठी सगळे कागद खाटेवर मांडलेलेच होते. आधारकार्डावर नावाच्या शेवटी एक ‘ए’ जास्तीचा. पॅनकार्डावर तो नाही, पण मधे एक ‘एच’ घुसलेला. पासबुकात नावाचे दोन तुकडे. लाइटीच्या बिलावर तर जे होतं ते वाचून मी थोडा वेळ शेजाऱ्याचं बिल समजलो. सातबारा मराठीत असल्यामुळं निर्दोष, म्हणून आमच्या कामाचा नव्हता.

एकेक करून सगळी स्पेलिंगं टाकली. छोट्या लिपीत, मोठ्या लिपीत, आडनावासकट, आडनावाविना, मागं ‘पाटील’ लावून. रेंजमध्ये नाही.

नाव देवनागरीत असेल काय, असाही विचार आला. तांत्रिकदृष्ट्या चालतं. पण वायफायच्या नावाला जागा 32 बाइटांचीच. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, आपल्याकडं प्रत्येक अक्षराला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, सगळे वेगळे आकारून. म्हणजे दहा चिन्हांत खेळ खलास. ‘ग्रामपंचायत’ हा एवढा एक शब्द 33 बाइट भरतो. ज्या ग्रामपंचायतीत सरकारी फायबर आलं, तिचं नाव स्वतःच्या वायफायला मराठीत देता येत नाही, एक बाइट कमी पडतो. हे आमच्या सरपंचांना अजून कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ग्रामसभेत विषय येईल.

राउटरच्या मागं एक बारीक छिद्र असतं, त्यात काडी खुपसून धरली की सगळं पहिल्यासारखं होतं. पण मग केबलवाल्यानं आत भरलेलंही पुसलं जातं, आणि केबलवाला सणाला सासुरवाडीला गेलेला. काडी मी कानात घातली.

एवढ्यात मोठीआई बैलांच्या शिंगांना लावायचं बेगड घेऊन आली. तिला विचारलं, “मोठीआई, त्या पोरानं वायफायले नाव कोनतं देल्लं होतं, आठवते काय?”

“आठवते की नाई थे सोड. यायचं नाव असन तं मी कशी घेऊ?”

लग्नापासून तिनं नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. घ्यायचंच झालं तर उखाण्यात. मी म्हटलं, मग उखाणा घे. तिनं बेगडाचा चुरगळा माझ्या अंगावर फेकला. पण उत्सुकता होतीच तिला. खाटेच्या काठावर बसली आणि मी काय करतोय ते पाहू लागली. मीही मग तिला समजावून सांगितलं. म्हटलं, डब्ल्यूपीए2 नावाची कुलपाची पद्धत आहे, 2004 पासूनची. तिच्यात पासवर्ड नुसता वापरत नाहीत. त्यात वायफायचं नाव मिसळतात आणि ते मिश्रण 4096 वेळा घोटून किल्ली बनवतात.

“चार हजारदा?” मोठीआई म्हणाली. “एवढं नाव तं पांडुरंगाचंबी कोनी घेत नाई बाप्पा.”

पुढचं सांगितल्यावर ती आणखी गंभीर झाली. ‘छुपं नेटवर्क’ला ‘हो’ केलं की ॲंड्रॉइड स्वतःच बजावतो, यानं सुरक्षेला धोका संभवतो. कारण राउटर नाव घेत नाही म्हटल्यावर फोनला ते घेत फिरावं लागतं. आपण घरी आहोत की एसटीत, हे त्याला कुठं ठाऊक? तो दिग्रसच्या बसस्थानकावर, दारव्ह्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात हाका मारत राहतो: अमुक आहे का, अमुक आहे का? माणसाला ऐकू येत नाही, पण हवेतलं ऐकणारा साधा प्रोग्राम ज्याच्याजवळ असेल त्याला ते स्वच्छ वाचता येतं. म्हणजे चोरापासून लपवलं आणि बाजारभर दवंडी पिटली.

“म्हंजे यायचं नाव बंद्या बाजारात?” मोठीआईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की लाजत होती, ते कळलं नाही.

मग ती एकदम उठली. “थांब. गोठ्यामागच्या पोराइले बलावतो.”

“कोनते पोरं?”

“थेच. ओट्यावरचे.”

गोठ्याच्या मागं कुटाराचा ढीग आहे. ढिगाच्या आडोशाला, घराच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून, माना खाली घालून ती सगळी पोरं बसली होती. राउटरची 2.4 गिगाहर्ट्झची लहर भिंतीपल्याड बरी पोचते. 5 गिगाहर्ट्झची असती तर मातीनं पिऊन टाकली असती. नाव यादीतून गेलं तेव्हा ते त्यांच्या फोनांत आधीच साठवलेलं होतं, स्पेलिंगसकट. त्यांनी ते पाहून नव्यानं लिहिलं, छुप्याला ‘हो’ केलं, झालं. ज्यांच्यापासून लपवलं त्यांनाच तेवढं माहीत. आणि मोठीआईनं त्यांना हाकललं तर नाहीच, उलट भाव ठरवला होता. हौद भरायचा, गाईला कुटार टाकायचं, शेण लोटायचं, मग बसायचं. मोठेबाबा मला सकाळीच कौतुकानं सांगत होते, “पोरं सुदरले रे गावातले. नेट कटवल्यापासून गोठ्यात राबून राह्यले!”

त्यातला एक पोरगा आत आला. मी म्हटलं, “नाव सांग.”

त्यानं मोठीआईकडं पाहिलं, मग माजघराकडं, आणि मान हलवली. “मोठ्या मानसाचं नाव कसं घ्याचं, काका? हे घ्या.” त्यानं आपल्या फोनात वायफायवर बोट ठेवून ‘शेअर’ केलं. पडद्यावर क्यूआर कोड आला. ही सोय ॲंड्रॉइड 10 पासून, म्हणजे 2019 पासून आहे, आणि त्या चौकटीत नाव, पासवर्ड आणि ‘हे छुपं आहे’ ही टीपसुद्धा भरलेली असते. नव्या फोनचा कॅमेरा समोर धरला. क्षणात जोडलं गेलं. कुणीही नाव न घेता.

यादीत सगळ्यात वर ‘कनेक्टेड’ आणि त्याच्यावर नाव. मी वाचलं. पुन्हा वाचलं. फोन मोठीआईपुढं धरला. तिला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, म्हणून पोराकडं पाहिलं.

“आजी,” तो म्हणाला, “तुमचंच हाये.”

मोठीआई फोनकडं पाहत राहिली. गावात ती कुणाची काकू, कुणाची आजी, आमची मोठीआई. मोठेबाबा तिला “अवं, ऐकलं काय” एवढ्या नावानं हाक मारतात. “त्या बाजारात,” तिनं हळूच विचारलं, “हे आरडतेत काय सारे फोन?”

“हाव.”

“बरं हाय,” ती म्हणाली. “यायले नको सांगू.”

मग केवायसी. फॉर्म उघडला, आधार क्रमांक टाकला, ओटीपी पाठवल्याचा निरोप आला. आधारला जोडलेलं सिम मोठेबाबांच्या बटणाच्या फोनात, आणि घरात रेंज नाही. मोठीआईनं तो फोन पोराच्या हातात कोंबून त्याला टेकाडावर पिटाळलं. ओटीपी कुणाला सांगू नका, असं त्या निरोपातच लिहिलेलं असतं. पोरानं टेकाडावरून दोन्ही हातांचा कर्णा करून सहाच्या सहा आकडे आमच्याकडं फेकले, आणि ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा फेकले. वावरात बैल सजवणाऱ्या सगळ्यांनी माना वर केल्या.

माजघरातून मोठेबाबांचा आवाज आला, “कोन आरडून राह्यलं बे येवढं?”

“कोनी नाई,” मोठीआई म्हणाली. “पोळ्याच्या झडत्या पाठ करून राह्यले पोरं. झोपा तुमी.”