गोटफिश ‘कचरा’ खातो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गोटफिश या समुद्री माशावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून माझंही उत्तर जरा लांबणार. तुमचं म्हणणं असं की गोटफिश हा तळाची घाण चिवडणारा मासा, त्याला मी उगाच ‘शिकारी’ केलं. आणि ‘ते मिळून शिकार करतात’ म्हणणं म्हणजे माणसाचे गुण माशाला चिकटवणं.

पहिलं मला मुळीच पटलेलं नाही. तळाशी चरणं वेगळं, घाण खाणं वेगळं. हा मासा वाळू उकरतो ती आत दडलेल्या जिवंत कृमींसाठी, चिमुकल्या खेकड्या-कोळंब्यांसाठी. हनुवटीखालच्या ज्या दोन मिश्यांवरून बोकडाची दाढी आठवून त्याला हे नाव पडलं, त्यांच्यावर चवीच्या कळ्या असतात. घास तोंडात जाण्याआधीच त्याची चव कळलेली असते! काम नसलं की मिश्या हनुवटीखाली दुमडलेल्या. चरायला लागला की वाळूत फिरू लागतात. त्याच्यामागे इतर मासे फिरतात त्यांना मी ‘सोबती’ म्हटलं होतं. तो शब्द चुकला. नांगरामागे बगळे चालतात तसे ते उडालेल्या गाळातलं टिपायला येतात, बस.

दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. पाठीवर शेपटीजवळ खोगिरासारखा पिवळा डाग असलेली गोटफिशची जी जात आहे, ती मुख्यतः लहान मासेच खाते. तांबड्या समुद्रातल्या निरीक्षणांवर 2011 साली शोधनिबंध आला: एक जण सावजामागे सुसाट सुटतो, ते प्रवाळात घुसतं, आणि बाकीचे प्रवाळाभोवती पसरून निसटायच्या वाटा अडवतात. मिश्या फटीत खुपसून सावजाला बाहेर हुसकणं हाही त्यातलाच भाग. मी एवढंच सांगून थांबलो. 2018 मध्ये त्याच जातीवर पुढचं काम झालं, त्यातून दिसलं की यामागे साधे नियम पुरतात. सावजाच्या जवळ असेल तो धावतो, आणि वाट अडवणाराही स्वतःच्याच घासासाठी अडवतो. योजना, कामाची वाटणी वगैरे काही गृहीत धरावं लागत नाही. हे मी लिहायलाच हवं होतं. पण म्हणून मिळून शिकार होतच नाही, असं नाही. कळपातले सगळे एकाच सावजाला घेरतात, हे तर डोळ्यांनी दिसतं.

आणि लेखातला तो लालसर चट्ट्यांचा फोटो तुम्ही म्हणता तसा ‘भलत्याच जातीचा’ नाही. बरेच गोटफिश रात्री विसावताना असाच रंग धरतात. फोटोखाली वेळ टाकायची राहिली, ती आता टाकली आहे.