50 मिनिटांत अंगकोर वाट उरकलं!!

आज परत त्या टूरवाल्याचा मेसेज आला, आमच्या सेवेला पाच स्टार द्या म्हणून, आणि डोकं असं सणकलं ना की लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

पाडव्याच्या सुट्टीला जोडून आई-आप्पांना घेऊन कंबोडियाला गेलतो. आप्पा 71 वर्षांचे, जन्म सगळा यंत्रमागावर गेला, टॉवेलच्या कारखान्यात, पासपोर्ट पहिल्यांदाच काढला. त्यांना बीच नको, मॉल नको, एकच ध्यास, अंगकोर वाटच्या भिंतीवरचं समुद्रमंथन डोळ्यांनी बघायचंय. बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन यानं ते देऊळ विष्णूसाठी बांधलं, पुढं बौद्धांचं झालं, आजही तिथं भिक्खू दिसतात. आप्पा म्हणायचे, इथं सोलापुरात आपले संत सिद्धरामेश्वर होऊन गेले त्याच शतकातलं देऊळ आहे ते, बघायला नको का? माणशी 95 हजार भरले, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनी मुंबई, तिथनं विमान. कागदावर छापलेलं, पूर्ण दिवस अंगकोर.

पूर्ण दिवस म्हणजे काय ते ऐका. 21 मार्चच्या आसपास तिथला सूर्य बरोब्बर मधल्या शिखराच्या टोकावर उगवतो, त्यासाठी जगभरातनं लोक पहाटे अंधारात येऊन उभे राहतात, आणि आम्ही 21 मार्चला तिथंच, देवळाजवळच्या सिएम रीप शहरात होतो, हॉटेलात! 37 डॉलरचं एक दिवसाचं तिकीट पहाटे 5 पासून चालतं, मी आदल्या रात्री टूर मॅनेजरच्या हातापाया पडलो की आम्हाला तिघांना तरी सोडा, तर म्हणे ग्रुप फुटतो, नाश्ता साडेसातला आहे. नाश्ता!! सूर्योदय सोडून उपमा खायला गेलतो का आम्ही तिकडं?

नऊला बस निघाली ती देवळाकडं नाही, सिल्कच्या दुकानात. तिथं माग दाखवला. अहो सोलापूरच्या माणसाला माग दाखवता, ज्याचे कान मागाच्या खडखडाटानं गेलेत त्याला? दीड तास. मग रत्नांचं दुकान, एक तास, दार लावून बसवलं, कमिशन कुणाला मिळतं ते काय आम्हाला कळत नाही होय.

देवळात पोचलो भर दुपारी. उन्हाचं सोडा, आपण सोलापूरचे, पण वेळ दिला 50 मिनिटं. आत शिरल्यावर उजव्या हाताला कुरुक्षेत्र कोरलंय, लांबच लांब, रथ, हत्ती, एकावर एक कोसळलेली माणसं. आप्पा चालता चालता थबकले. बाणांवर पडलेले भीष्म! जन्मभर पोथीत ऐकलेलं, आणि ते दुसऱ्या देशात भिंतीवर समोर. काहीच बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि हात जोडले. तेवढ्यात मागनं शिट्टी. "काका, फोटो झाला ना, चला, बस लागलीय." शिट्टी वाजवली हो देवळात, शाळेची पोरं आहेत का आम्ही?

समुद्रमंथन पूर्वेच्या बाजूला आहे, आम्ही पश्चिमेला. जवळपास 49 मीटर लांब पट्टा, एकीकडं 92 असुर, दुसरीकडं 88 देव, मध्ये विष्णू, वासुकीला ओढतायत. देऊळ वळसा घालून दहा मिनिटं चालायचं, बास. मी म्हणलं थांबा, तर मॅनेजर म्हणे इंडियन जेवण गार होईल, आणि ग्रुपमधले चार जण पण त्याच्याच बाजूनं, कारण त्यांची तळ्यापुढची सेल्फी झालेली. आप्पाच म्हणाले, राहू दे रे, भांडू नको.

बायन देवळाचे दगडी चेहरे बसच्या काचेतनं. ता प्रोमचं देऊळ रद्द, टाईम नाही म्हणून.

परत आल्यावर ऑफिसात गेलो तर समोरची बाई मख्खपणे म्हणते, "सर, सगळी ठिकाणं कव्हर झालीत की." कव्हर झालीत! काल शेजारच्या काकांनी आप्पांना विचारलं, समुद्रमंथन कसं होतं ओ? आप्पा म्हणाले, भीष्म बघितले.

परत कधी नेऊ मी त्यांना तिथं?