थापी कोणी धरली : एका प्रतिक्रियेला उत्तर

काँक्रीटच्या त्रिमितीय छपाईवरील (म्हणजे यंत्राने ओल्या काँक्रीटचे थर एकावर एक टाकून भिंत उभारण्यावरील) माझ्या लेखाला एका वाचकांनी मोजक्या वाक्यांत प्रतिक्रिया दिली आहे. तिचे पहिलेच वाक्य असे : "लेखकाने आयुष्यात कधी थापी हातात धरलेली दिसत नाही." त्यानंतर, छापलेल्या भिंतीचे थर एकजीव होत नाहीत, तिच्यात सळई घालता येत नाही, नेदरलँड्समधील आइंडहोवनचे छापील घर जागेवर छापलेलेच नाही आणि भिंत म्हणजे घर नव्हे, असे चार आक्षेप आहेत.

यातील आइंडहोवनचा मुद्दा बरोबर आहे. २०२१ मध्ये भाडेकरूंच्या ताब्यात दिलेले ते घर कारखान्यात २४ तुकड्यांत छापून नंतर जागेवर नेऊन जोडले होते. माझ्या वाक्यावरून मात्र यंत्र थेट पायावर उभे राहिल्याचा समज होतो. ते वाक्य मी दुरुस्त केले आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार. ती दाखवण्यासाठी थापीची गरज नव्हती.

आता त्या थापीविषयी. माझी पहिली सहा वर्षे ताकद तपासण्यासाठी काँक्रीटचे क्यूब (चौकोनी ठोकळे) भरण्यात आणि ते अठ्ठाविसाव्या दिवशी फोडण्यात गेली. त्यानंतर अडीच वर्षे मी एका छपाई-यंत्राच्या मिश्रणाची जबाबदारी सांभाळली. आपण कल्पना करता तसा मी पडद्यासमोर बसून बटण दाबत नव्हतो. हे मिश्रण पंपाच्या होजमधून (नळीतून) विनातक्रार वाहिले पाहिजे आणि नोझलमधून, म्हणजे नळीच्या टोकाच्या तोंडातून, बाहेर पडताच वरच्या थरांचा भार पेलत उभेही राहिले पाहिजे. या परस्परविरोधी अपेक्षा कागदावरच्या प्रमाणाने पूर्ण होत नाहीत. बाहेर पडणाऱ्या पट्टीच्या कडा फाटू लागल्या तर माल सुका आहे आणि पट्टी चकाकत बसू लागली तर पाणी जास्त झाले आहे, हे डोळ्यांनी ओळखावे लागते. आणि हॉपरच्या (माल ओतण्याच्या भांड्याच्या) कडेला घट्ट होत चाललेला माल सतत खरवडत राहावा लागतो. तो कशाने खरवडतात, असे आपणास वाटते?

एक प्रसंग सांगतो. भिंत कमरेच्या वर आली असताना होज तुंबला आणि तो मोकळा करण्यात पाऊण तास गेला. खालचा थर तोवर वरून सुकला होता. तो खरवडून ओला करावा, असे मी सुचवले. कामावरच्या वरिष्ठांनी घड्याळ दाखवले आणि यंत्र सुरू झाले. पुढे त्या भिंतीचा नमुना कापायला घेतला, तेव्हा पाते नीट टेकण्याआधीच तो नेमक्या त्या रेषेवर दुभंगला. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत होते आणि बोट फिरवले की बोटाला राखाडी भुकटी लागत होती. बाकीचे सांधे, ज्यांच्यावर पुढचा थर काही मिनिटांत पडला होता, त्यांना काही झाले नव्हते. तेव्हा थर सुटतात हे मला नव्याने सांगू नये. दोन थरांमध्ये किती वेळ जातो आणि मधल्या काळात पृष्ठभाग किती सुकतो, यावर त्यांची पकड ठरते. छपाई म्हटली की सांधा कच्चाच, असा सरसकट निकाल त्यातून निघत नाही. हा प्रसंग मूळ लेखात नव्हता हे खरे, परंतु प्रत्येक लेखाच्या आरंभी स्वतःचा सेवाकाल छापण्याची पद्धत निदान मला तरी ठाऊक नाही.

राहिले सळईचे. त्यावर उपाय झालेले आहेत. नेदरलँड्समधील गेमर्ट येथे २०१७ मध्ये सायकलींसाठी खुला झालेला पूल छापील काँक्रीटचाच आहे आणि त्याचे तुकडे ताण दिलेल्या पोलादी तारांनी एकत्र आवळलेले आहेत. व्हेनिसमध्ये २०२१ साली उभारलेल्या 'स्ट्रायाटस' या पादचारी पुलाच्या छापील ठोकळ्यांत तर सळईच नाही. कमानीचा आकारच असा आहे की ठोकळे एकमेकांवर दाबून राहतात. (कमानीचा बाहेर पडणारा रेटा पायथ्याचे पोलादी ताण-पट्टे घेतात, हे आपण सांगण्याआधी मीच सांगतो.) उभ्या घराच्या भिंतीला हे दोन्ही उपाय जसेच्या तसे लागू पडत नाहीत, परंतु आपला शब्द 'येत नाही' असा होता, 'अवघड आहे' असा नव्हता.

"भिंत म्हणजे घर नव्हे" हे वाक्य टाळ्या घेईल, पण ते मला उद्देशून का आहे, हे कळले नाही. पाया, छत, नळ आणि तारा यांचे बहुतेक काम माणसांच्याच हातून होते, हे मी नाकारलेले नाही. लेख भिंतीवर होता म्हणून भिंतीवर लिहिले. शीर्षकात 'घरे' हा शब्द होता, तो मी बदलणार नाही.

छतावर वेगळा लेख लिहायचे आधीपासूनच मनात होते. ते आपल्या प्रतिक्रियेमुळे ठरलेले नाही.