महाबळेश्वरात बर्फ पडला, हे छापणं आता थांबवा

डिसेंबर लागला, दोन पहाटा कडक गेल्या की टीव्हीवर ती लाल पट्टी आलीच. ‘महाबळेश्वरात बर्फवृष्टी’, ‘मिनी काश्मीर गोठलं’, ‘पारा शून्यावर’. वेण्णालेकच्या जेटीच्या फळ्या, गाडीचं टप, आणि तळहातावर पांढरं काहीतरी घेऊन कॅमेऱ्यात हसणारा पर्यटक. वर्षानुवर्षं हेच चाललंय. मी याच डोंगरावर राहतो, स्ट्रॉबेरी करतो, आणि ही बातमी दिसली की माझं डोकं फिरतं. यंदा लिहूनच टाकतो.

तुम्ही ज्याचे फोटो छापता तो बर्फ नाही. ते गोठलेलं दव आहे. ते आभाळातून पडत नाही, जागच्या जागी तयार होतं. रात्री आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला की जमीन दिवसभराची ऊब भराभर वर सोडून देते. थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागेत साचते. वेण्णालेक ते लिंगमळा हा पट्टा तसाच सखल, त्यात तळ्याचा ओलावा. पहाटेपर्यंत गवताची पाती, जेटीची लाकडं, गाड्यांचे पत्रे शून्याखाली जातात आणि त्यावरच्या दवाचे हिमकण होतात. फ्रीजच्या वरच्या खणात जमतो तसला थर. ऊन वर आलं की त्याचं पाणी होऊन जातं. बर्फ पडायला ढग लागतात. हिमकण व्हायला आभाळ मोकळं लागतं. तुमच्याच व्हिडिओत मागे निळंशार आभाळ दिसतंय, एक ढग नाही, आणि खाली पट्टी फिरतेय बर्फवृष्टीची. डेस्कवर बसलेल्या एकालाही हे खटकत नाही?

आणि तो तळहातावरचा गोळा कसा होतो तेही सांगतो. जेटीवरचा, गवतावरचा थर नखाने, कार्डाने खरवडून गोळा करतात. दहा-पंधरा फूट खरवडलं की मूठभर जमतं. मग ते कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरायचं की मागचं हिरवं गवत दिसू नये. असं फ्रेममधून गवत कापून तुम्ही लोकांना फसवता. पुण्या-मुंबईची माणसं तो फोटो बघून रात्रीतून गाडी काढतात, पोरांना कानटोप्या घालून पसरणीचा घाट चढतात आणि नऊ-दहाला इथे पोचतात तेव्हा ओल्या फळ्यांशिवाय काही नसतं. त्यांचा मला राग नाही. आमच्याकडे दोन खोल्या आहेत राहायला द्यायला, त्यामुळे फोन येतात. ‘काका, बर्फ आहे ना अजून? पोरांना दाखवायचाय.’ नाही म्हटलं की पलीकडचा माणूस मलाच खोटं पाडतो, कारण त्याने टीव्हीवर बघितलंय.

पारा शून्यावर म्हणता, तो पारा होता कुठे? त्याच पहाटे हवामान खात्याच्या महाबळेश्वर केंद्रातली किमान तापमानाची नोंद बहुतेक वेळा शून्याच्या कितीतरी वर असते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, आणि बातमी नेमकी तिथेच आहे. खात्याचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. जगभर तसाच असतो, म्हणून तर एका गावाची थंडी दुसऱ्या गावाशी ताडून बघता येते. जमिनीलगत, त्यातही खोलगट जागी, त्याहून कितीतरी अंश कमी असू शकतं. मग लिहा ना तसं: केंद्रावर इतकं, गवतालगत कुणी मोजलं असेल तर इतकं, मोजलं नसेल तर मोजलेलं नाही. पण नाही. जेटीवर पांढरं दिसलं की आकडा शून्य, जरा जास्त पांढरं दिसलं की उणे दोन. डोळ्यांनी बघून तापमान सांगायची ही कुठली पद्धत? आणि दुसऱ्या दिवशी तोच आकडा दुसरा पेपर उचलतो, तिसरा ‘दहा वर्षांतली सर्वांत कडाक्याची थंडी’ असं जोडून देतो. कुठल्या दहा वर्षांची, कुठल्या केंद्राची, कुणी तपासली?

तुम्हाला वाटेल, एका आकड्यासाठी हा माणूस इतका का पेटलाय. तर ऐका.

हिमकण पडलेल्या पहाटे मी जेटीवर नसतो, वाफ्यांवर असतो. वाफ्यावर अंथरलेल्या काळ्या मल्चिंग पेपरवर पांढरी कड धरलेली असते, पानांच्या दातऱ्या पांढऱ्या झालेल्या असतात. फूल बघायला फार सुंदर दिसतं, तेव्हाही पाकळ्या पांढऱ्याशुभ्र. ऊन चढलं की जवळ वाकून बघायचं. पाकळ्या तशाच असतात, पण मधला पिवळा गड्डा काळा पडलेला असतो. एकदा तो काळा पडला की त्या फुलाला फळ धरत नाही. अर्धवट मार बसला असेल तर फळ येतं ते वेडंवाकडं, एका बाजूला दबलेलं, आणि पनेटमध्ये, म्हणजे स्ट्रॉबेरी विकायच्या छोट्या डब्यात, भरायला बाई ते हातात घेते आणि बाजूला टाकते. फुलापासून फळाला साधारण महिना लागतो. म्हणजे ज्या पहाटेची तुम्ही ‘पर्यटकांनी लुटला आनंद’ म्हणून बातमी केली, तिचा मार मला महिन्याने कळतो, तोडा निम्म्यावर येतो तेव्हा. तेव्हा तुमचा कॅमेरा इथे नसतो. फार तर बातमीच्या शेवटी एक ओळ असते, ‘स्ट्रॉबेरी पिकालाही फटका’. ही शेवटची ओळ वर कधी येणार?

विम्याचं तर बोलायलाच नको. हवामानावर आधारित फळपीक विम्यात माझं शेत कुणी बघायला येत नाही, महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राने काय नोंदवलं ते बघतात. ते केंद्र माझ्या वाफ्याच्या उंचीवर नाही, माझ्या खोलगट रानात नाही. फुलं काळी पडलेली माझ्या डोळ्यांसमोर आहेत, टीव्ही शून्य अंश ओरडतोय, आणि कागदावर थंडी बसतच नाही. मी विचारायला गेलो तर मला सांगितलं गेलं, बातम्यांवर विमा चालत नाही. बरोबरच आहे, चालू नये. पण जमिनीलगतचं तापमान नोंदवा, त्यासाठी साधनं बसवा, ही मागणी लावून धरायला बातम्यांनी तरी जोर लावायचा ना? थंडीवर एवढे तास खर्च करता, त्यातला एक तास यावर घालवा.

आणि ‘मिनी काश्मीर’, ‘मिनी काश्मीर’ काय लावलंय? खऱ्या काश्मीरचं काय चाललंय ते तरी नीट सांगता का? 21 डिसेंबर ते 30 जानेवारी हे चाळीस दिवस तिथे चिल्लई कलान म्हणतात, हिवाळ्याचा गाभा. 2024 च्या जानेवारीत, त्या गाभ्यात, गुलमर्गचे उतार उघडे तपकिरी पडले होते. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येऊन तिथे बर्फ पाडणाऱ्या हवेच्या प्रणाली, आल्या त्या कमजोर, बर्फ आला तो महिना संपता संपता आणि पुढे फेब्रुवारीत. 2025 च्या फेब्रुवारीत तर गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे त्याची बातमी कशी आली? सहली रद्द, पर्यटकांचा हिरमोड. अरे, तिथल्या डोंगरावर कडक थंडीत पडलेला बर्फ म्हणजे उन्हाळ्यातलं झेलमचं पाणी आहे, भाताची खाचरं आहेत, सफरचंदाच्या झाडाला लागणारी थंडी आहे. उशिरा पडलेला बर्फ लवकर वितळून जातो, जून-जुलैला हाताशी राहत नाही. तिथला बागायतदार आणि मी, दोघांचं दुःख एकाच जातीचं आहे. त्याच्याकडे हवा तेव्हा बर्फ नाही, माझ्याकडे नको तेव्हा हिमकण. आणि दोघांच्या बातमीत आम्ही दोघंही नाही. दोन्हीकडे आहे फक्त सहलीला निघालेला माणूस.

उलट खरोखर अचाट बर्फ पडला तरी तेच. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फ बघायला लोटलेली गर्दी रस्त्यातच अडकली. बर्फाखाली दबलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं मेली, त्यात लहान पोरं होती. गाडीचं धुरांडं (सायलेन्सर) बर्फाने बुजलं आणि इंजिन चालू ठेवलं की विषारी वायू आत भरतो, हे साधं ज्ञान जीव वाचवतं. डिसेंबर 2024 मध्ये मनालीजवळ सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजारभर गाड्या अडकल्या. पुढल्या वर्षी तिथल्या पहिल्या बर्फाचे व्हिडिओ दाखवताना हे एकदा तरी सांगितलंत का? टायरला साखळी, टाकी भरलेली, धुरांडं मोकळं, एवढं सांगायला पंधरा सेकंद पुरतात. तुम्ही ती पंधरा सेकंदं ‘स्वर्ग अवतरला’ यावर घालवता.

पण या सगळ्यात मला सहनच होत नाही ती गोष्ट म्हणजे गारपीट. 26 नोव्हेंबर 2023. निफाड तालुक्यात गारा झाल्या. द्राक्षाच्या बागेत छाटणी, फवारण्या, मजुरी असा लाखांचा खर्च मातीत घालून बसलेली माणसं, आणि दोरीवरचे घड काही मिनिटांत फुटून खाली. जमीन पांढरी झाली. त्या पांढऱ्या जमिनीवरून फिरवलेल्या व्हिडिओखाली मी स्वतः वाचलंय: ‘काश्मीरसारखं दृश्य’. कुणाचं घर जळत असताना ‘दिवाळीसारखी रोषणाई’ लिहाल का? 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात लाखो हेक्टरवरचा गहू, ज्वारी, हरभरा, फळबागा गारांनी झोपवल्या होत्या. ज्यांनी ते बघितलंय त्यांना गारांचा थर बघून कुठलंही थंड हवेचं ठिकाण आठवत नाही. गार ही उंच वाढलेल्या वादळी ढगात वर-खाली होत थरावर थर चढून बनते आणि दगडासारखी येऊन आदळते. तिला बर्फाचं गोंडस नाव देणाऱ्याने एकदा त्या बागेत उभं राहावं.

हा गोंधळ आपल्यापुरताच आहे असंही नाही. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सौदी अरेबियाच्या अल-जौफ भागात जोरदार गारपीट झाली, वाळवंट पांढरं दिसलं. आपल्याकडे काय छापून आलं? ‘इतिहासात पहिल्यांदाच सौदीच्या वाळवंटात बर्फवृष्टी.’ गारा त्या गारा. आणि खऱ्या बर्फाचंच म्हणाल तर त्या देशाच्या वायव्येला, तबूककडच्या डोंगरांत, हिवाळ्यात बर्फ पडतो हे तिथल्यांना चांगलं माहीत आहे. अल्जीरियातल्या ऐन सेफ्राचंही तेच. 1979 ला तिथे बर्फ पडला, 2016 च्या डिसेंबरमध्ये पडला, 2018 च्या जानेवारीत पडला. ते गाव साधारण हजार मीटर उंचीवर, ॲटलसच्या कुशीत आहे. दुर्मीळ आहेच, पण दर वेळी तो ‘सहारातला पहिला बर्फ’ कसा असेल? मागची नोंद शोधायला दहा मिनिटं लागतात. ‘पहिल्यांदाच’ लिहिण्याआधी ती दहा मिनिटं द्यायची नसतील तर हवामानावर लिहू नका. हवा खरंच बदलत चाललीय. अशा वेळी जे नेहमीचं आहे त्याला अघटित ठरवलं आणि जे खरंच अघटित आहे त्याला सहलीचा फोटो केला, तर लोकांनी ओळखायचं कशावरून?

माहिती मिळत नाही म्हणून असं होतं, हे मला कुणी सांगू नये. हवामान खात्याचं मोठं कार्यालय पुण्यात शिवाजीनगरला आहे. उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी देशाची संस्था पाषाणला आहे. थंडीची लाट कशाला म्हणायचं याचे निकष लिहून ठेवलेले आहेत: मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांपर्यंत उतरलं पाहिजे आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी पाहिजे, डोंगरी भागात शून्यापर्यंत उतरलं पाहिजे. निलगिरीत, उत्तर भारतात जमिनीवर हिमकण होण्याचा इशारा आदल्या दिवशी निघतो. शेतकऱ्यांसाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. 2024 च्या सुरुवातीला देशभरातली 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद करायचे आदेश निघाले, तेव्हा तुमच्यातल्या किती जणांनी पट्टी चालवली? गावपातळीवर हवामान सांगणारी माणसं काढून टाकली जात होती आणि तुम्ही जेटीच्या फळ्या खरवडत होता.

मला काय हवं तेही स्पष्ट सांगतो. हिमकणांची बातमी मला सकाळी दहाला नको, आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला हवी. आज रात्री आभाळ मोकळं, वारा नाही, किमान तापमान इतकं खाली येण्याचा अंदाज, सखल भागात हिमकणांची शक्यता. चार वाक्यं. तेवढी मिळाली तर मी रात्री आच्छादन टाकू शकतो, पहाटे स्प्रिंकलर चालू करायला माणूस उभा करू शकतो, विजेची वेळ जुळत नसेल तर शेजाऱ्याचं इंजिन मागून आणू शकतो. हे सगळं आदल्या रात्री करायचं असतं. सकाळी तुमचा ड्रोन उडतो तेव्हा माझ्या फुलांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आणि यायचंच असेल कॅमेरा घेऊन, तर वेण्णालेक सोडा, पलीकडच्या उतारावर या. पहाटे पाचला या, तापमापक घेऊन या, एक वाफ्यावर ठेवा आणि एक माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगा. दोन्ही आकडे छापा. मग महिन्याभराने पुन्हा या आणि त्याच वाफ्यावर किती पनेट भरले ते विचारा.