भाच्याचे नाव ओंकारच का ठेवले

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचे बारसे झाले आणि आत्या या नात्याने बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान माझ्याकडे आला. मी ‘ओंकार’ हे नाव सांगितले. घुगऱ्या वाटून होण्यापूर्वीच दोन-तीन नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन, अगदी आपुलकीने, एकच प्रश्न विचारला, की एवढ्या शिकलेल्या घरात इतके सर्रास आढळणारे नाव कसे काय ठेवले. पाहुण्यांच्या गडबडीत मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज सविस्तर लिहिते आहे, कारण घरात पाळणा हलला की नावावरून आई-वडिलांची किती ओढाताण होते, हे मी शिक्षिका म्हणून आणि आता आत्या म्हणूनही जवळून पाहिले आहे.

बाळाचा जन्म रोहिणी नक्षत्राच्या पहिल्या चरणावर झाला. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार याप्रमाणे १०८ चरण होतात आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर असते. रोहिणीला ओ, वा, वी, वू ही अक्षरे येतात. ‘ओ’वरून मुलांची नावे मोजकीच आहेत. ओम, ओंकार, ओजस एवढी आठवली, की माणूस थांबतो. मग मोबाइलवर शोध सुरू झाला आणि भाऊ-भावजयीने जी यादी तयार केली, तिच्यातल्या निम्म्या नावांचा अर्थ त्यांनाच सांगता येईना. अक्षराचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की हस्त नक्षत्राची अक्षरे पू, ष, ण, ठ अशी आहेत आणि ‘ण’ने सुरू होणारे नाव मराठीत सापडणार नाही. म्हणूनच आपल्या जुन्या माणसांनी राशीचे नाव पत्रिकेपुरते ठेवून हाक मारायचे नाव वेगळे ठेवण्याची सोय केली होती, आणि ती सोय आजही आहे. आमच्या बाबतीत अक्षराचा आणि माझ्या मनातल्या नावाचा मेळ बसला, एवढेच.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत अठरा वर्षे शिकवते आहे. रोज सकाळी हजेरी घेताना नावे तोंडातून जातात, त्यामुळे ती कशी बदलत गेली हे मला सांगता येते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात भूषण, गोकुळ, राहुल, सागर, दीपक, ओंकार अशी मुले असत. अलीकडे एकाच पहिलीच्या वर्गात शिवांश, रुद्रांश, देवांश आणि श्रेयांश असे चौघे जण एका रांगेत बसले होते. या चारही नावांत वाईट काहीच नाही, त्यांचे अर्थही चांगले आहेत. परंतु चारही घरांत आपल्या मुलाचे नाव कुणाचेच नसावे अशी इच्छा होती आणि शेवटी चारही घरे एकाच ठिकाणी येऊन पोहोचली. पहिले दोन महिने मला स्वतःला हाक मारताना चुकायला होत असे, आणि मुले बिचारी प्रत्येक वेळी दुरुस्ती करीत. वेगळेपणाच्या मागे लागून ठेवलेले नाव पाच-सहा वर्षांत त्या काळाची खूण होऊन जाते. ओंकारकडे पाहून मूल कोणत्या वर्षी जन्मले हे ओळखता येत नाही, आणि मला हा फार मोठा गुण वाटतो.

जुने ते सगळे चांगले, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात उखर्डू, भिका, नथू, दगडू, धोंडू अशी नावे पानोपानी आहेत. मुले जगत नसत तेव्हाची ही नावे आहेत. आधीची दोन-तीन अपत्ये गेल्यावर जन्मलेल्या बाळाला कुणी उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणी, म्हणून तो उखर्डू. कुणी त्याला दुसऱ्याच्या पदरी देऊन भीक म्हणून मागून घेई, म्हणून तो भिका. कुणी मुलाचे नाक टोचून नथ घाली, म्हणून तो नथू. दृष्ट लागू नये, यमाचे लक्ष जाऊ नये, एवढाच त्या आयांचा हेतू होता. ही नावे मागे पडली, कारण लस आली, दवाखाने आले आणि आयांच्या मनातली ती भीती कमी झाली. ती नावे परत यावीत असे मला मुळीच वाटत नाही, पण ती वाचताना गळा दाटून येतो.

आता बहिणाबाई चौधरींच्या घरातली नावे पाहा. त्या १८८० मध्ये जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मल्या. त्यांच्या वडिलांचे नाव उखाजी आणि पतीचे नाव नथूजी. अक्षरओळख नसलेल्या या बाईच्या मुलांची नावे मात्र ओंकार, सोपान आणि काशी अशी आहेत. वडील आणि नवरा यांची नावे आज खान्देशात नव्या बाळाला कुणी ठेवत नाही. मुलाचे ओंकार हे नाव शंभर वर्षांनंतरही माझ्या हजेरीपटावर येते. कोणते नाव टिकते आणि कोणते नाही, हे समजून घ्यायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. ज्या नावामागे त्या काळाची गरज असते ते त्या काळाबरोबर जाते. ज्याला अर्थ आहे, उच्चाराला गोडवा आहे आणि जे लोकांच्या नित्याच्या बोलण्यात व पूजेअर्चेत आहे, ते राहते. ओंकार म्हणजे कुठल्याही शुभकार्याचा पहिला उच्चार. आपल्याकडे आरंभालाच ते नाव दिलेले आहे.

भावजयीची खरी अडचण वेगळी होती आणि ती मला रास्त वाटली. ती म्हणाली, “ताई, आपलं आडनाव पाटील. दवाखान्यात नाहीतर बँकेत ‘ओंकार पाटील’ म्हणून पुकारलं, तर चार जण उठून उभे राहतील.” खान्देशात पाटील, चौधरी, महाजन या आडनावांची घरे गावोगावी आहेत, त्यामुळे हा गोंधळ होतो, हे खरेच आहे. माझ्या एका वर्गात तीन ओंकार होते. हजेरीत पहिल्या ओंकारचे नाव घेतले, की तिघेही “हजर” म्हणत. आठवडाभरात मुलांनीच त्यांची विभागणी केली: वरच्या गल्लीचा ओंकार, मळ्यातला ओंकार आणि दुकानवाल्यांचा ओंकार. त्यांपैकी एकालाही आपले नाव दुसऱ्याचे आहे म्हणून खंत वाटल्याचे मला कधी दिसले नाही. उलट तिघेही कायम एकत्र असत. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींचे नाव पांडुरंग होते आणि धरणगावात जन्मलेल्या बालकवींचे त्र्यंबक. त्या काळी गावोगावी पांडुरंग आणि त्र्यंबक होते, आणि तरीही हे दोघे कुणाच्या गर्दीत हरवले नाहीत.

नाव मुलाचे असते, पण ते उच्चारायचे असते इतरांनी. आमची आजी नव्वदीला टेकली आहे आणि अहिराणीशिवाय दुसरे बोलत नाही. बारशानंतर तिने मला जवळ बोलावून विचारले, “पोऱ्यानं काय नाव ठेवं वं?” मी सांगितले. तिने ते ‘वंकार’ असे एकदा म्हणून पाहिले, मग पुन्हा म्हटले, आणि पाळण्याची दोरी हातात घेऊन त्याच नावाने बाळाशी बोलायला लागली. यादीतले दुसरे एखादे नाव असते तर तिला ते चार वेळा सांगावे लागले असते, आणि शेवटी तिने त्याला ‘बाळ्या’च म्हटले असते. पणजीला पणतूचे नाव घेता येऊ नये, ही गोष्ट मला सहन झाली नसती. आपल्या बारशातही गुप्त ठेवलेले नाव कानात सांगण्यापूर्वी पाळण्याखालून-वरून बाळाला देताना बायका “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या” असेच म्हणतात. ती नावे प्रत्येक मुलाच्या वाट्याला आधी येतात, आणि मला त्यात फार मोठी माया दिसते.

भावजयीच्या अडचणीवर कागदोपत्री उपायही आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी त्याचे स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासनाने ठरवला आहे. चारही भाग जुळणारा दुसरा ओंकार सापडणे सोपे नाही, आणि आईचे नाव मुलाच्या नावात आले याचा भावजयीला झालेला आनंद मी पाहिला आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरले नसेल तर ते १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क नोंदवता येते, तेव्हा घाईने भलतेच नाव देऊ नये.

एक गोष्ट मात्र मी भावाला बजावून सांगितली. ओंकारचे इंग्रजी स्पेलिंग कुणी ‘एम’ घालून लिहितो, कुणी ‘एन’ घालून. मराठीत अनुस्वाराने हा प्रश्न मिटतो, इंग्रजीत मिटत नाही. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि शाळेत तिसरेच असे झाले, की पुढे त्या मुलाच्या शिष्यवृत्तीपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे खेटे घालावे लागतात. माझ्या वर्गातल्या पालकांची अशी पायपीट मी दरवर्षी पाहते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्मदाखल्याचे महत्त्व आणखी वाढले आहे. म्हणून सोमवारी ग्रामपंचायतीत जाण्यापूर्वी आम्ही तिघांनी बसून नाव मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर स्वच्छ लिहिले, ‘एम’ ठरवला, आणि भावाने तो कागद खिशात घालून नोंद करून आणली.