‘स्मार्ट’ यंत्रणा बसवली म्हणून शहराचे कार्बन उत्सर्जन घटत नाही

‘शहर स्मार्ट केले की कार्बन उत्सर्जन दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते’ हे विधान भाषणांतून, सादरीकरणांतून आणि समाजमाध्यमांवरून सतत पुढे पाठवले जाते. पुरावा म्हणून स्वयंचलित सिग्नल, नियंत्रण कक्षातून चालणारे पथदिवे आणि स्मार्ट मीटर यांची नावे घेतली जातात. उत्सर्जनाचा अधिकृत हिशेब उपलब्ध असल्यामुळे मुंबईच्या आधारे हा दावा तपासणे शक्य आहे, आणि त्या तपासणीत तो टिकत नाही.

हा आकडा मॅकिन्झी या सल्लागार कंपनीची संशोधन संस्था असलेल्या मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या २०१८ च्या अहवालातला आहे. इमारतींमधील स्वयंचलित नियंत्रण, वेळेनुसार बदलणारे वीजदर आणि वाहतुकीतील काही उपाय एकत्र राबवल्यास उत्सर्जन १० ते १५ टक्क्यांनी कमी होऊ शकेल, असा तो अंदाज होता. त्याच अहवालानुसार बहुतेक व्यापारी इमारतींनी स्वयंचलित नियंत्रण स्वीकारले तरी घट तीन टक्क्यांच्या आतच राहते आणि बहुतेक घरांनीही ते स्वीकारले तर आणखी सुमारे तीन टक्क्यांची भर पडते. पुढे पाठवताना ‘बहुतेक’ ही अट गळाली आणि ‘होऊ शकेल’चे ‘होते’ झाले.

सिग्नलच्या बाबतीतही असेच घडले आहे. बंगळुरू, हैदराबाद आणि कोलकाता येथे वापरल्या गेलेल्या, सिग्नलच्या वेळा सुधारणाऱ्या ‘ग्रीन लाइट’ उपक्रमाविषयी गुगलचा दावा असा आहे की वाहनांचे थांबणे ३० टक्क्यांपर्यंत आणि चौकातील उत्सर्जन १० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. इथे ‘चौकातील’ हा शब्द महत्त्वाचा आहे. महापालिकेच्या मुंबई वातावरण कृती आराखड्यानुसार २०१९ मध्ये शहराचे एकूण उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन होते आणि त्यात वाहतुकीचा वाटा २० टक्के होता. चौकातली ती कमाल घट उदारपणे संपूर्ण वाहतुकीला लागू केली, तरी शहराच्या हिशेबात जेमतेम दोन टक्के कमी होतात. शिवाय रस्ता मोकळा झाला की त्यावर नवी वाहने येतात. अमेरिकेतील शहरांचा अभ्यास करून द्युरांतों आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले की रस्त्यांची लांबी जवळपास ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात वाहनांचे एकूण किलोमीटरही वाढतात. तो अभ्यास सिग्नलांचा नसला, तरी वाचलेला वेळ नव्या फेऱ्यांना आमंत्रण देतो हे कारण दोन्हीकडे सारखेच आहे. स्टॉकहोममध्ये २००६ च्या प्रयोगात कॅमेऱ्यांनी गाड्यांचे क्रमांक टिपून शहराच्या मध्यभागात येण्या-जाण्यावर शुल्क आकारले, तेव्हा त्या सीमेवरची वाहतूक सुमारे एक-पंचमांशाने घटली. कॅमेरे तिथेही होते, पण गाडी घरी ठेवायला भाग पाडले ते शुल्काने.

पथदिव्यांबाबत फार लिहिण्याची गरज नाही. सोडियम दिव्याच्या जागी एलईडी लावल्याने वीज खरोखर वाचते आणि २०१५ पासून देशभर असे एक कोटीहून अधिक पथदिवे बदलले गेले आहेत. मात्र त्या बचतीचे मोठे श्रेय दिव्याचे आहे. नियंत्रण कक्षाची भर त्यापुढे लहान आहे.

स्मार्ट मीटरचा मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे, कारण मुंबईच्या उत्सर्जनापैकी ७२ टक्के वाटा ऊर्जेच्या वापराचा आहे आणि शहराला मिळणारी बहुतेक वीज कोळशाची आहे. परंतु वीज किती आणि कधी वापरली, एवढेच मीटर मोजतो. जून २०२३ मधील केंद्राच्या नियमदुरुस्तीने सौर तासांत, म्हणजे दिवसा सौरवीज मिळते त्या वेळेत, वीज १० ते २० टक्के स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत महाग ठेवण्याची तरतूद केली, तेव्हा कुठे त्या मोजणीला अर्थ आला. सोसायटीचा पाण्याचा पंप किंवा विजेवरच्या गाडीचे चार्जिंग दुपारी हलवले, तरी युनिट तेवढीच राहतात. कार्बन कमी होतो तो दुपारच्या विजेत सूर्याचा वाटा जितका जास्त असेल तितकाच. पंखा आणि फ्रिज यांपलीकडे फारसे काही नसलेल्या चाळीतल्या कुटुंबाकडे हलवण्यासारखे थोडेच असते. मॉल, कार्यालये आणि उंच इमारतींच्या वातानुकूलनावर आधी बोट ठेवायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

देशाच्या ग्रीडमधील, म्हणजे सामायिक वीजजाळ्यातील, एका युनिटमागे अजूनही साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा आकडा खाली आणायचा, तर बाहेरची स्वच्छ वीज मुंबईत पोहोचली पाहिजे. त्या दृष्टीने २०२३ मध्ये सुरू झालेली खारघर–विक्रोळी ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वीजवाहिनी कुठल्याही नियंत्रण कक्षापेक्षा महत्त्वाची आहे, कारण बाहेरून वीज आणण्याची शहराची क्षमता तिने वाढवली. महापालिकेने २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के घट करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. म्हणून प्रत्येक स्मार्ट योजनेच्या निविदेतच, ती सुरू होण्यापूर्वीची आणि नंतरची युनिटे व इंधनाचे लिटर नागरिकांसमोर मांडण्याची अट घातली गेली पाहिजे.