इरिडियम पॉइंट जर्मनी, मु. पो. च्यांग्शी

पेनाचं नाव एखाद्या फ्रेंच सरदाराच्या धाकट्या सुनेसारखं, खोक्यावर दोन सोनेरी सिंह, आत मखमल आणि किंमत चारशे नव्वद, डिलिव्हरी फुकट. मेव्हण्याने पाठवलं. त्याच्या मते मी 'पेनातला माणूस' आहे. घरात मला या पदवीबद्दल काय काय ऐकावं लागतं ते त्याला माहीत नाही.

नवीन पेन आलं की आधी भिंग काढून निब वाचायची हा माझा शिरस्ता. एका बाजूला 18KGP. यातलं 18K मोठ्याने वाचायचं आणि GP मनातल्या मनात, कारण GP म्हणजे नुसता मुलामा. त्याच्याखाली 'इरिडियम पॉइंट जर्मनी', म्हणजे टोकाला इरिडियम नावाचा कठीण धातू, तोही जर्मनीचा. ही ओळ जगातल्या कितीतरी स्वस्त निबांवर असते आणि आजकाल निबांच्या टोकाला रुथेनियम, टंगस्टन वगैरेंचे मिश्रधातू असतात, इरिडियम बहुतेकदा औषधालाही नसतं, हे मी बायकोला उत्साहाने समजावून सांगितलं.

"बरं, इरिडियम नाही. पण जर्मनीचं तरी आहे ना?"

"नाही."

"मग पॉइंट तरी आहे का अहो?"

तो होता. पण लिहीत नव्हता.

आता ही असली राजघराणी कुठे नांदतात म्हणाल तर चीनमध्ये च्यांग्शी प्रांतात वेनकांग नावाचं गाव आहे, पिढ्यान्पिढ्या लिहायचे ब्रश करणारं, आणि तिथेच आता शाईची पेनंही बनतात. जिन्हाओ या स्वस्त पेनं करणाऱ्या कंपनीचा धंदासुद्धा याच प्रांतात 1988 साली सुरू झाला. बाकीची शांघायला. म्हणजे हातात पिढीजात कसब आहे, कुणी नवशिके नाहीत, मग युरोपातली सासुरवाडी कशाला दाखवायची देव जाणे. आमच्या लहानपणी हिरो पेन मिळायचं, ते असलं काही मिरवत नव्हतं. शांघायचा तो कारखाना 1931 सालचा, हिरो हे नाव नंतरचं, आणि त्यांचं 616 सरळसरळ पार्कर 51 च्या वळणाचं, निब जवळजवळ टोकापर्यंत झाकलेली. नक्कल होती पण उघड होती आणि वर्गात ज्याच्याकडे हिरो त्याचा रुबाब वेगळाच. पार्कर आम्ही कुणी पाहिलेलंच नव्हतं त्यामुळे आमच्यापुरतं अस्सल हिरोच.

आणि गंमत म्हणजे उघड नकला चक्क लिहितात! जिन्हाओ 599 म्हणजे 1980 च्या लॅमी सफारीचा जुळा भाऊ, 159 हे माँब्लाँ 149 कडे बघून घडवलेलं धूड, माजॉनचं ए वन म्हणजे पायलटचं खटका दाबायचं कॅपलेस. यातली बरीचशी शाई भरली की चालू. चीनमध्ये शाळेतली पोरं अजून शाईच्या पेनाने लिहितात, त्यांची लिपी बारीक रेघांची, तेव्हा 0.38 मिलिमीटरची निब तिथे गरज आहे, आणि तीच बारीक निब आपल्या 'क्ष' आणि 'ष्ट्य'लाही झकास जमते. बोंबलतात ती सिंहवाली. सगळे पैसे खोक्यात आणि मखमलीत गेल्यावर निबेच्या वाट्याला काय राहणार?

आमच्या या फ्रेंच नावाच्या पेन-सुनबाईंचा आजार असा की पहिली रेघ उमटत नाही. दुसरी उमटते. बँकेत चेकवर सही केली तर आडनावाचं पहिलं अक्षर गायब, काउंटरवरची मुलगी म्हणाली काका सही जुळत नाहीये, परत करा. परत केली, परत तेच. शेवटी तिने तिचं दोरी बांधलेलं बॉलपेन पुढे सरकवलं आणि मागच्या रांगेने सुस्कारा सोडला. कारण साधं आहे, निबेचं टोक जास्त घासून गुळगुळीत केलं की फटीच्या कडा आत वळतात आणि शाई कागदापर्यंत पोचतच नाही. त्यात टोपणाला आतलं हवाबंद अस्तर नाही म्हणून रात्रीतून निब वाळते, सकाळी पाण्यात बुडवा. अंग पितळेचं, टोपण मागे लावलं की लिहिताना पेन आपल्याला उलटं ओढतं.

उपाय सगळे झाले. कारखान्यातलं तेल जावं म्हणून भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात आंघोळ, निबखालची काळी जीभ काढून जुन्या टूथब्रशने घासली (बायकोचा टूथब्रश जुना नव्हता असं नंतर कळलं), फटीतून पितळेचा पातळ पत्रा फिरवला. फरक इतकाच पडला की आता कधी कधी दुसरी रेघसुद्धा उमटत नाही.

मग एका जाणत्याने सांगितलं की अरे निब सहा नंबरची आहे, सरळ बदलून टाक, बॉक किंवा जोवो कंपनीची बसेल, दोन्ही खरोखर जर्मनीत बनतात. किंमत विचारली तर पेनाच्या दुपटीहून जास्त.

"म्हणजे त्यांनी थाप मारायची आणि ती खरी करायला आपण पैसे भरायचे?" इति बायको.

निब मागवली आहे. बर्लिनचीच आहे असं दुकानदार म्हणतो.